भरतीची वेळ, सुरूचं बन आणि डाव्या दंडावरचा व्रण

तुम्ही लिहिलंय की देवगडजवळ एका ऐतिहासिक मालिकेचं महिनाभराचं आउटडोअर लागतंय, गोष्ट शिवकाळातल्या आरमाराची आहे, आणि गावच्या नाटकांत बॅकस्टेज सांभाळल्याच्या जोरावर तुम्हाला कंटिन्युइटी असिस्टंट म्हणून घेतलंय. घरी आजी टीव्हीसमोर बसून ‘मघाशी ह्याचा शेला डाव्या खांद्यावर होता’ असं पटकन पकडते. उद्या तिनं तुमच्याच मालिकेतली चूक काढली तर काय, ही धास्ती आहे. म्हणून खिशात ठेवून सेटवर जाता येईल अशी चुकांची यादी मागितलीत.

यादी देते, बोलता बोलता येईलच ती. पण आधी एक गोष्ट सांगू द्या, जी कळायला मला बरीच वर्षं लागली. तुम्ही ज्यांना एका दमात ‘चुका’ म्हणताय त्या दोन वेगळ्या जातीच्या आहेत. शेला एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेला, भरलेला तांब्या पुढच्या शॉटला रिकामा झाला, ही कंटिन्युइटीची चूक. ती दोन शॉटच्या मधल्या दहा मिनिटांत, तुमच्या डोळ्यांदेखत होते. चुलीशेजारच्या टोपलीत टोमॅटो, गलबताच्या मागे सुरूचं बन, ही कालविसंगती. ती तीन आठवडे आधी, रेकीला, म्हणजे शूटिंगच्या जागा बघायला, गेलेल्या गाडीत किंवा सामानाची यादी करताना झालेली असते. शूटिंगच्या दिवशी ती तुम्हाला दिसते तेव्हा कॅमेरा लागलेला असतो, माणसं पोशाख घालून उन्हात उभी असतात आणि सुरूचं बन कुणी हलवू शकत नाही. तेव्हा तुमचा खरा प्रश्न ‘काय काय चुकतं’ हा नाही. कुठली चूक कधी आणि कुणाला सांगितली तर ती सुटू शकते, हा आहे.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, तेही मान्य करते. मालिका रोजची आहे की आठवड्यातून दोनदा, एकच युनिट आहे की दोन समांतर चालतात, संहिता बांधून हातात येते की रात्री अकराला मोबाइलवर, इतिहासाचा जाणकार फक्त श्रेयनामावलीत आहे की खरंच सीन वाचतो. रोजच्या मालिकेत दोन युनिटं चालू असतील तर एका युनिटवर नायकाच्या कपाळावर काय रेखलंय ते दुसऱ्याला ठाऊक नसतं. तिथे चुका निष्काळजीपणानं होतात असं नाही, माहिती इकडून तिकडे पोचायलाच वेळ नसतो. मी दोन्ही प्रकारची कामं केली आहेत. पुढचं सगळं माझ्या अनुभवातलं आहे. तुमच्या युनिटला बेतून घ्या.

आधी कथेचा दिवस

संहिता आली की मी पहिल्यांदा प्रत्येक सीनवर कथेतला दिवस लिहिते. शूटिंगचा दिवस नव्हे, गोष्टीतला. दिवस १, दिवस २, मग ‘तीन महिन्यांनी’ असेल तर दिवस ३. त्याच्यापुढे ऋतू, जमली तर तिथी, आणि ‘कुठल्या घटनेच्या आधी, कुठल्या नंतर’. सीन ४१ सोमवारी आणि सीन ४० पुढच्या गुरुवारी शूट होणार असतो. दोन्ही दिवस ७ चेच आहेत हे वहीत नसेल, तर जखमेवरची पट्टी सीन ४० मध्ये हमखास विसरली जाते.

हे कथेचे दिवस कालविसंगतीही पकडतात. राज्याभिषेक १६७४ चा. त्या वेळी पदांना संस्कृत नावं दिली गेली. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. पुढे फारसी शब्दांना पर्याय देणारा राजव्यवहारकोशही तयार झाला. आता तुमचा सीन १६६५ मधला असेल आणि पात्र ‘सेनापती’ म्हणून हाक मारत असेल, तर वहीतल्या नुसत्या सालावरून तुम्ही थांबू शकता. लेखकाला फोन करा, ‘सरनौबत’ करून घ्या. एका शब्दाचं काम आहे, पण वाचनाच्या वेळी. डबिंगच्या वेळी तो शब्द नटाच्या ओठांत बसत नाही.

भाषेबद्दल एवढंच म्हणेन की सतराव्या शतकातली मराठी जशीच्या तशी कुणी बोलणार नाही, प्रेक्षकाला कळणारही नाही, तेव्हा त्याचा हट्ट धरू नका. पण ‘एक मिनिट थांबा’ खटकतं, कारण तेव्हा घटका आणि पळं होती. ‘दहा किलोमीटरवर शत्रू आहे’ हे तर कानाला टोचतंच. कोस म्हणा. कागद दाखवायचा असेल तर मोडीत लिहून घ्या. खलित्यावर छापील वळणाची देवनागरी आणि वर स्वल्पविराम, पूर्णविराम दिसले की जाणकार माणूस तिथेच थांबतो. ती विरामचिन्हं आपल्याकडे इंग्रजी अमदानीत, छपाईबरोबर आली.

सेटवर

सेटवरचं तंत्र तुम्ही आठवड्याभरात शिकाल. ‘रोल’ म्हणायच्या आधी एक फोटो आणि ‘कट’नंतर लगेच एक फोटो. दुसरा जास्त महत्त्वाचा, कारण पुढचा शॉट पहिल्याच्या शेवटाला जोडायचा असतो, सुरुवातीला नाही. फोटोत चेहऱ्याबरोबर हात यायला हवेत. शेला कुठल्या खांद्यावर, तलवारीची मूठ कुठल्या बाजूला, कुठल्या शब्दावर पेला उचलला, कुठल्या शब्दावर ठेवला. मी संवादाच्या त्या शब्दाखाली रेघ मारून ‘उ. हात, पेला वर’ असं लिहिते. मास्टर, म्हणजे पूर्ण सीनचा रुंद शॉट, झाल्यावर सजेशन, म्हणजे एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा शॉट, घेताना नट विचारतो, ‘कुठे उचलला होता?’ तेव्हा तुम्हाला फोटो शोधत बसायला वेळ नसतो, शब्द सांगावा लागतो.

कपाळाकडे सतत बघा. चंद्रकोर, तिलक, मळवट घामानं पसरतो आणि ब्रेकनंतर मेकअपदादा नव्यानं काढतात. प्रत्येक वेळी हात थोडा वेगळा पडतो. मी मुख्य पात्रांच्या कपाळाचा एक एक जवळचा फोटो छापून मेकअपच्या आरशावर चिकटवायला देते. त्यावर ‘भुवईच्या वर किती, जाडी किती’ हे लिहिलेलं असतं. दोन युनिटं असतील तर दोन्हीकडे तीच प्रत. इतकं केलं तरी आजीच्या निम्म्या तक्रारी संपतात.

समुद्र

आता ज्याबद्दल मला मनापासून बोलायचंय ते. स्टुडिओतल्या दरबारात सकाळचा शॉट आणि संध्याकाळचा शॉट सारखाच दिसतो, दिवे आपल्या हातात असतात. किनाऱ्यावर पाणी आपल्या हातात नाही.

माझ्या सुरुवातीच्या काळात मालवणकडच्या एका पुळणीवर सीन होता. खडकावर उभा राहून सरदार हेराकडून बातमी ऐकतो, साधा तीन पानांचा संवाद. सकाळी आठला मास्टर घेतला. ओहोटी होती, खडकाभोवती ओली वाळू, पुढे काळ्या शिळांची रांग उघडी पडलेली, फार सुंदर फ्रेम. मग सरदाराचे क्लोज, मग पोशाखात काहीतरी बिघडलं, मग जेवण. जवळच होडी दुरुस्त करत बसलेला एक वयस्क तांडेल मला म्हणाला होता, ‘बाय, दुपारी हय पाणी येतला. पेटये उचला.’ मला वाटलं तो फक्त आमच्या सामानाची काळजी करतोय. दोन वाजता हेराचे शॉट लावले तेव्हा त्याच्या मागे शिळा नव्हत्याच. गुडघाभर पाणी खडकाला धडकत होतं. एका वाक्याला सरदार ओल्या वाळूत, पुढच्या वाक्याला हेर भर समुद्रात. तो सीन तसाच गेला. कंटिन्युइटीची वही माझ्या हातात होती, म्हणून ती चूक मी माझीच मानते.

त्या संध्याकाळी त्याच तांडेलाशेजारी बसून मी भरतीचं गणित शिकले. किनाऱ्यावर वाढलेल्या तुमच्यासारख्याला ते घरूनच माहीत असेल: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. आमच्या शूटिंगच्या दिवशी तृतीया होती. तीनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे सव्वादोनला पूर्ण भरती, आणि साधारण सहा तास मागे, आठच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. आम्ही नेमकं सगळ्यात खालच्या पाण्यात सुरू करून सगळ्यात वरच्या पाण्यात संपवलं होतं. त्यातून पौर्णिमा नुकतीच झालेली, म्हणजे उधाणाचे दिवस, पाणी चढणार जास्त आणि उतरणारही जास्त. हाच सीन अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या, म्हणजे कमी चढ-उताराच्या, पाण्यात घेतला असता तर फरक खूप कमी पडला असता.

ही पाऊणपट अंदाजाची आहे. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, आणि अलिबागकडे पाणी जितकं चढतं-उतरतं तितकं मालवणकडे नाही. म्हणून बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा आणि तिथल्या एका मच्छीमाराला विचाराच. तुमच्या कामासाठी त्यातून निघणाऱ्या गोष्टी मात्र पक्क्या आहेत. समुद्राकडे तोंड केलेले सगळे शॉट, मग ते कुणाचेही असोत, सलग दोन तासांत उरकायला दिग्दर्शकाला सुचवा आणि मग कॅमेरा जमिनीकडे वळवा. राहिलेला शॉट दुसऱ्या दिवशी घ्यायचा झाला तर तेच पाणी पंचेचाळीस-पन्नास मिनिटं उशिरा येईल, उन्हाची तिरीप बदललेली असेल. चार दिवसांनी घ्याल तर तीन तासांचा फरक पडेल. पण पंधरा दिवसांनी, दुसऱ्या पक्षातल्या त्याच तिथीला, घड्याळातल्या जवळपास त्याच वेळी तसंच पाणी येतं. पिकअपची, म्हणजे राहिलेल्या शॉटची, तारीख मागायची झाली तर ती मागा. प्रोडक्शनला आधी विचित्र वाटतं, एकदा जुळलेले शॉट बघितले की पटतं.

पुढे हीच पाऊणपट मला कागदावर उपयोगी पडली. एका संहितेत किनाऱ्यालगतच्या कोटावर छापा होता. अलिबागच्या कुलाब्यासारखा कोट, ओहोटीला चालत जाता येतं असा. लेखकानं लिहिलं होतं: अमावास्येची मध्यरात्र, गडद अंधार, ओहोटीचा फायदा घेऊन मावळे चालत कोटापर्यंत पोचतात. वाचायला झकास. पण अमावास्येला मध्यरात्रीच्या आसपास तिथे पूर्ण भरती असते, तीही उधाणाची. मावळे बुडाले असते. मी लेखकाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, अष्टमी करू या का? अष्टमीला मध्यरात्री ओहोटी असते हे खरं, पण ती भांगाची, पाणी पुरतं हटत नाही. वर शुद्ध पक्ष असेल तर चंद्र मध्यरात्रीपर्यंत पश्चिमेला असतो, वद्य असेल तर तेव्हाच उगवतो. मग आम्ही अमावास्याच ठेवली आणि वेळ बदलली, मध्यरात्रीऐवजी पहाट. पहाटे साडेपाच-सहाच्या सुमाराला उधाणाची खोल ओहोटी, हिवाळ्यात तेव्हा काळोखही असतो, आणि पहारेकरी पेंगुळलेले. सीन मूळच्यापेक्षा चांगला झाला. खर्च शून्य, कारण अजून काहीच शूट झालं नव्हतं.

चंद्राचं आलंच आहे तर सांगते. रात्रीच्या प्रत्येक सीनला व्हीएफएक्सवाले पूर्ण चंद्र चिकटवतात, तो छान दिसतो म्हणून. तुमच्या वहीत तिथी असेल तर त्यांच्या यादीत ती आधीच लिहून पाठवा. आणि सूर्य! कोकणात सूर्य सह्याद्रीमागून उगवतो आणि समुद्रात मावळतो. तरीही संध्याकाळचं समुद्रावरचं बिंब टिपून ‘पहाट झाली’ म्हणून लावलेलं मी कितीदा पाहिलंय. पुण्या-मुंबईच्या एडिट टेबलवर ते कुणाला खटकत नाही, तुमच्या आजीला एका सेकंदात खटकेल. पहाट हवी असेल तर डोंगराच्या बाजूचा प्रकाश घ्या, माडांच्या शेंड्यांवर आधी ऊन येतं ते घ्या.

तारखा आणि पाऊस

तिथी काढताना एक अडचण येईल. राज्याभिषेकाची आपण म्हणतो ती ६ जून १६७४ ही तारीख तेव्हाच्या इंग्रजांच्या जुन्या कालगणनेची आहे. ती आणि आजची कालगणना यांत त्या शतकात दहा दिवसांचं अंतर होतं. म्हणजे आजच्या हिशेबानं तो १६ जून. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. रायगडावर जूनच्या मध्याला काय असतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. ढग उतरलेले, जमीन भिजलेली, गवताचे हिरवे कोंब. पण आउटडोअर होतं हिवाळ्या-उन्हाळ्यात, म्हणून पडद्यावर गवत वाळून पिवळं. पाऊस पाडायला पैसे नसतील हे मी समजू शकते. दगड ओले करा, आकाश भरून आलेलं घ्या, वाळलेलं गवत फ्रेमबाहेर ठेवा. एवढ्यानंही खूप फरक पडतो.

सिंधुदुर्गाच्या पायाभरणीचं तसंच. २५ नोव्हेंबर १६६४, मार्गशीर्ष वद्य द्वितीया. तिथी हाताशी आहे, म्हणजे पाणीही हाताशी आहे. दोनाची पाऊणपट दीड. त्या दिवशी सकाळी कुरटे बेटाचे खडक उघडे पडले असणार आणि दुपारी दीडच्या सुमाराला पाणी भरलं असणार. मुहूर्त सकाळचा दाखवताय की दुपारचा, त्यावरून किनारा ठरवा.

झाडं, कौलं आणि जांभा

रेकीला तुम्हाला नेणार असतील तर नक्की जा, नेणार नसतील तर फोटो मागून घ्या. कालविसंगती तिथेच सापडते, आणि तिथे ती फक्त एक वाक्य बोलून टळते: ‘कॅमेरा इकडे लावला तर?’

पहिलं सुरू. नागाव, आक्षी, काशीद, कुठेही जा, पुळणीमागे सुरूचं बन. लोकांना ते इतकं कोकणाचं वाटतं की कुणी प्रश्नच विचारत नाही. पण सुरूची लागवड आपल्या किनाऱ्यावर इंग्रजांच्या काळात झाली. शिवकाळात किनाऱ्यावर माड, केवडा, उंडी, करंज, खाडीच्या तोंडाशी तिवरं. तुमच्या भागात हे सगळं अजून आहे, फक्त शोधावं लागेल. गुलमोहर मादागास्करचा, तोही एकोणिसाव्या शतकातला पाहुणा. बोगनवेल, घाणेरी, रस्त्याकडेची ऑस्ट्रेलियन बाभूळ, सगळी नंतरची. काजू आणि झेंडू मूळचे अमेरिकेचे, पोर्तुगीजांबरोबर आलेले, म्हणून तिथे मी ताणत नाही. गोव्याच्या शेजारी सतराव्या शतकात काजूचं एखादं झाड असायला हरकत नाही; डोंगरभर ओळीत लावलेली कलमं नकोत. झेंडूच्या तोरणाबद्दलही मी भांडत नाही. आंब्याची पानं आणि सोनचाफा मिळाला तर जास्त बरं, एवढंच सुचवते.

दुसरं कौल. ज्याला आपण मंगलोरी कौल म्हणतो त्याचा कारखाना बासेल मिशननं मंगळूरला काढला तो १८६५ चा. जुन्या वाड्यात शूटिंग करताना वरून ड्रोन फिरवला की ती लाल चपटी कौलं शिवकाळावर पसरतात. त्याआधी नळे होते, पेंढा होता, माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप होते. सगळं छप्पर बदलणं परवडणार नाही. पण कॅमेरा डोळ्याच्या पातळीवर ठेवला आणि वळचणीला दोन हात झाप लावून दिले तर छप्पर दिसतच नाही. हे मी अनेकदा करून घेतलंय.

तिसरी गोष्ट कुणाच्याच यादीत नसते. आपण आज किल्ले बघतो ते साडेतीनशे पावसाळे खाल्लेले. जांभा खाणीतून काढला की तांबडा आणि मऊ असतो, वारा-पाऊस लागून कठीण होतो आणि काळा पडतो, वर शेवाळ धरतं. बांधकाम चालू असलेल्या किल्ल्याच्या सीनला मागे काळी, शेवाळलेली, पिंपळ उगवलेली भिंत दिसली तर ती कालविसंगतीच आहे, जरी भिंत शंभर टक्के खरी असली तरी. आर्ट डायरेक्टरला दोन तांबड्या, ताज्या चिऱ्यांच्या राशी पुढे लावायला सांगा. सिंधुदुर्गावर शूट करणार असाल तर शिवराजेश्वराचं मंदिर फ्रेममध्ये येऊ देऊ नका, ते महाराजांच्या नंतर राजाराम महाराजांच्या काळातलं. आणि असे किल्ले संरक्षित स्मारकं आहेत. परवानगीत जे लिहिलंय त्यापलीकडे एक खिळाही ठोकायचा नाही, दिग्दर्शकानं सांगितलं तरी नाही.

बाकीचं पटकन सांगते. स्वयंपाकघरात टोमॅटो, बटाटा, साबुदाणा, चहा, स्टीलची भांडी नकोत. कुळीथ, नाचणी, आमसूल, तिरफळ, नारळ, पितळ, तांबं आणि मातीची मडकी चालतील. उजेडाला काचेचा कंदील नको, रॉकेलच मुळी एकोणिसाव्या शतकातलं. समई, पणती, मशाल, उंडीचं कडू तेल. आगपेटी नको, चकमक. होड्यांवर ऑइलपेंट, फायबर, नायलॉनचं जाळं, थर्मोकोलचे बोये दिसत नाहीत ना बघा. सणाचं किंवा सुताचं जाळं अंथरून होडीची अर्धी बाजू झाकता येते. साड्यांत झगझगीत राणी रंग आला तर वेशभूषेला विचारा, तसले रासायनिक रंग १८५६ नंतरचे.

आणि दंड. उघड्या अंगाचा मावळा शेल्याशिवाय उभा राहिला की डाव्या दंडावर बीसीजीचा गोल व्रण दिसतो, वयस्क नटांना देवीच्या लशीचा. देवीची लसच मुंबईत पहिल्यांदा टोचली गेली ती १८०२ मध्ये. मेकअपदादांना रोज सकाळी आठवण करा, त्यावर एक थर लागतो, दोन मिनिटांचं काम. मनगटावरच्या घड्याळाच्या गोऱ्या पट्ट्याचंही तसंच. चेहऱ्यावर देवीचे व्रण मात्र त्या काळात खरोखर असत. गर्दीतल्या दोन चेहऱ्यांवर ते दाखवले तर मला आवडेल, अजून कुणी दाखवलेले पाहिले नाहीत.

कुठे थांबवायचं

इतकं सगळं पाहिल्यावर तुम्ही प्रत्येक शॉटला हात वर कराल, आणि तिसऱ्या दिवशी तुमच्याकडे कुणी लक्ष देणार नाही. म्हणून मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. हे नंतर सुटेल का? मागे ट्रॉलरच्या इंजिनाचा ठकठक आवाज आला तर तो साउंडवाले काढतील, टॉवर दिसला तर व्हीएफएक्स पुसेल. यादीत लिहा आणि शूटिंग चालू द्या. प्रेक्षकाचे डोळे तिथे असतील का? भावनेच्या क्लोजमध्ये लोक डोळे बघतात, मागचा तांब्या नाही. नटानं पाचव्या टेकला जीव ओतला आणि हात चुकीच्या बाजूला राहिला तर एडिटर तोच टेक घेणार आणि मीही तोच घेईन. तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: ही चूक इतिहासाबद्दल काही खोटं सांगते का? कोण कुठल्या पदावर होता, कोण तेव्हा जिवंत होता, कुठला किल्ला कुणाकडे होता. जंजिऱ्यावर भगवा फडकलेला दाखवला तर ते मी कितीही उशीर झाला असला तरी थांबवते, कारण जंजिरा मराठ्यांनी कधी घेतलाच नाही, आणि शाळेतलं पोर ते पडद्यावर बघून खरं मानेल. तांब्या विसरला जातो. हे विसरलं जात नाही.

सांगायचं कसं, तेही शिका. दिग्दर्शकाला सगळ्यांसमोर ‘चुकलं’ म्हणू नका. पहिल्या एडीच्या, म्हणजे मुख्य सहायक दिग्दर्शकाच्या, कानात सांगा, आणि चुकीसोबत उपाय सांगा, तोही दोन मिनिटांत होणारा. ‘मागे सुरूचं बन आहे’ एवढंच म्हणालात तर तुम्ही अडचण आणली. ‘कॅमेरा दहा पावलं डावीकडे गेला तर मागे फक्त केवडा येतो’ म्हणालात तर ते करायला कुणाचीच हरकत नसते.

तुमचं शेड्यूल लागायला दोन आठवडे आहेत म्हणता. त्यात एक करा. संहितेतले किनाऱ्यावरचे सगळे सीन वेगळे काढा, शूटिंगच्या तारखांची तिथी पंचांगातून लिहा, शेजारी पाऊणपट मांडा, आणि तो कागद घेऊन तुमच्या वाडीतल्या एखाद्या तांडेलाकडे जा. तो प्रत्येक जागेला ‘हय पाणी येतला’ किंवा ‘हय नाय’ सांगेल. ते लिहून पहिल्या एडीला द्या आणि कॉलशीटवर, म्हणजे रोजच्या शूटिंगच्या वेळापत्रकावर, वेळेच्या शेजारी भरती-ओहोटीची ओळ घालायला सांगा. छापायला तयार झाले नाहीत तर रोज सकाळी प्रत्येक कॉलशीटवर पेननं लिहून वाटा.